बोळ अरुंद राहिले म्हणून: तोक्योच्या यानाकातली मांजरं आणि घरोघरचं कलाप्रदर्शन

निप्पोरी स्टेशनच्या पश्चिमेकडच्या दारातून बाहेर पडायचं आणि सरळ चालत राहायचं. पाच-सहा मिनिटांत रस्ता संपल्यासारखा वाटतो आणि समोर ३६ पायऱ्या खाली उतरताना दिसतात. या पायऱ्यांचं नाव यूयाके दानदान, म्हणजे सांजरंगाच्या पायऱ्या. त्या पश्चिमेला उतरतात, म्हणून सूर्य कलला की वर लोक थांबून राहतात. खाली यानाका गिंझा ही बाजारपेठ. नाव गिंझाचं, म्हणजे तोक्योतल्या उंची बाजारपेठेचं असलं तरी लांबी जेमतेम १७० मीटर आणि दुकानं साठेक: मासळीवाला, चहावाला, टोपल्या विकणारा, गरम कटलेट तळून देणारा. वर पाहिलं तर एखाद्या दुकानाच्या छपराच्या कडेला मांजर बसलेलं दिसतं. जरा जवळ गेलं की कळतं, ते लाकडाचं आहे. बाजारपेठेत अशी सात कोरीव मांजरं ठिकठिकाणी बसवलेली आहेत, आणि सातही सापडली की भाग्य उजळतं अशी समजूत आहे. लहान मुलं माना वर करून मोजत फिरतात. मोठी माणसंही मोजतात.

जिवंत मांजर मात्र बाजारात सहजी भेटत नाही. त्यासाठी शेजारच्या बोळात शिरावं लागतं, आणि तिथेही नशीब लागतं.

हे प्रकरण मी अभ्यासाला घेतलं ते या विसंगतीमुळे. यानाका ही तोक्योतली ‘मांजरांची वस्ती’ म्हणून ओळखली जाते. इथे फक्त मांजर हाच विषय असलेलं चित्रदालन आहे, मांजराच्या शेपटीच्या आकाराचे डोनट मिळतात, कोऱ्या मातीच्या मांजरावर आपल्या हाताने रंग भरता येईल असा जुन्या घरातला कॅफे आहे. दर ऑक्टोबरात या भागात ‘गेइकोतेन’ नावाचं कला आणि कारागिरीचं प्रदर्शन भरतं. नावाने ते मांजरांचं प्रदर्शन नाही, पण या वस्तीत कलेचा उत्सव म्हटला की मांजर आलंच. एका जुन्या वस्तीत मांजर आणि कला यांची सोयरीक जमली कशी, आणि त्यात जिवंत मांजराच्या वाट्याला काय आलं, हा माझा प्रश्न.

वस्ती वाचली कशी

यानाका ताइतो वॉर्डात आहे. शेजारच्या नेझू आणि सेंदागी या बुंक्यो वॉर्डातल्या वस्त्यांसह या भागाला ‘यानेसेन’ म्हणतात. १६२५ मध्ये उएनोच्या टेकडीवर कानएइजी हे शोगुन, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्यांच्या घराण्याचं मोठं देऊळ उभं राहिलं आणि आसपास त्याची उपमंदिरं वसली. १६५७ मध्ये एदो शहर, म्हणजे आजचं तोक्यो, भीषण आगीत जळालं. त्यानंतर शहराच्या मध्यातली कित्येक देवळं यानाकात हलवली गेली. आजही इथे सत्तरच्या वर देवळं आहेत आणि बहुतेकांच्या मागे लहानमोठी दफनभूमी. १८७४ मध्ये तेन्नोजी देवळाच्या आवारातली जमीन घेऊन सार्वजनिक दफनभूमी झाली. शेवटचा शोगुन तोकुगावा योशिनोबू याची समाधी इथलीच.

१९२३ च्या भूकंपातून आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांतून तोक्योचा फार थोडा जुना भाग वाचला. यानाकाचा बराचसा भाग त्यात मोडतो. घरं वाचली म्हणून बोळ वाचले. जपानच्या बांधकाम कायद्यानुसार नवीन घर बांधताना समोरचा रस्ता साधारण ४ मीटर रुंद धरला जातो. तेवढा नसेल तर घर मागे सरकवावं लागतं. त्यामुळे जुनं घर पाडलं की ते पूर्वी होतं तसं, बोळाला खेटून, पुन्हा उभं राहू शकत नाही. यानाकातला अरुंद बोळ अरुंद दिसतो, कारण तिथली घरं पडू दिलेली नाहीत.

मांजराला याहून चांगलं काय हवं? मोटार शिरत नाही असे बोळ, दारात कुंड्यांच्या रांगा, देवळांची शांत आवारं, उन्हाने तापलेले समाधीचे दगड, आणि दुपारी घरी असणारी म्हातारी माणसं. मोटारीच्या दृष्टीने गैरसोयीची वस्ती मांजराला सोयीची ठरली. गंमत अशी, की कारागिरालाही तीच सोयीची ठरली. उएनोचं कला विद्यापीठ आणि संग्रहालयं चालत जाण्याच्या अंतरावर, भाडं त्या मानाने परवडणारं, आणि घराच्या पुढच्या खोलीत दुकान व मागच्या खोलीत काम ही जुनी पद्धत अजून चालू.

शिल्पकाराच्या घरात

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस १९६४ मध्येच गेला. असाकुरा फुमिओ. जन्म १८८३, क्यूशूतल्या ओइता प्रांतात. उएनोच्या कलाशाळेतून १९०७ मध्ये बाहेर पडल्यावर त्याने यानाकात छोटी कार्यशाळा थाटली आणि आयुष्यभर इथेच राहिला. १९१० मधलं त्याचं ‘कबरींचा राखणदार’ हे शिल्प आज राष्ट्रीय महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती आहे. त्यातला म्हातारा शेजारच्या तेन्नोजी दफनभूमीतला खराखुरा राखणदार. त्याने ताठ उभं राहू नये म्हणून त्याच्यासमोर शोगीचा, म्हणजे जपानी बुद्धिबळाचा डाव मांडला होता, असं सांगतात. डाव बघताना हसणारा तो म्हातारा हात मागे घेऊन उभा आहे, आणि खोलीत शिरलं की तोच आपल्याकडे बघायला वळेल असं वाटतं.

असाकुराच्या घरात मांजरं एक-दोन नव्हती. एका वेळी दहा-पंधरा असायची. १९०९ मध्ये त्याने ‘लटकलेलं मांजर’ घडवलं: वरून एक हात येतो आणि मांजराला मानगुटीला धरून उचलतो. मागचे पाय सैल सुटलेले, पाठीची कातडी ताणलेली, अंगातला सगळा भार त्या एका चिमटीत. ज्याने कधी मांजर उचललं असेल त्याला आपल्या हाताला तो भार जाणवेल. उंदीर पकडलेलं मांजर, बाळंत झालेलं मांजर, अंग चाटणारं मांजर, असा त्याचा नाद पन्नासेक वर्षं चालला. या मांजरांत गोंडसपणा नाही. हाडं आहेत, स्नायू आहेत, झोप आहे, दबा आहे. बाजारातली मांजरं पाहून इथे आलं की डोळे धुतल्यासारखे होतात, आणि मला वाटतं यानाका बघायला येणाऱ्याने पहिल्यांदा इथेच यावं.

घरही त्याने स्वतःच आखलं. १९२८ ते १९३५ अशी सात वर्षं काम चाललं. पुढची कार्यशाळा काँक्रीटची, उंच छताची. मागचं राहतं घर बांबू आणि लाकडाचं, जुन्या चहागृहाच्या वळणाचं. मध्ये पाण्याची बाग आणि तिच्यात पाच मोठे दगड, कन्फ्यूशियसच्या पाच सद्गुणांसाठी. गच्चीवरही बाग आहे. शिष्यांना तिथे भाजीपाला पिकवावा लागे, कारण माती हाताळल्याशिवाय माती कळत नाही असं त्याचं मत होतं. थोरली मुलगी असाकुरा सेत्सू रंगभूमीची नामवंत नेपथ्यकार झाली, धाकटी क्योको शिल्पकार. १९६७ मध्ये कुटुंबाने घर लोकांसाठी उघडलं आणि १९८६ मध्ये ते ताइतो वॉर्डाकडे आलं.

ऊन चांगलं यावं म्हणून असाकुराने एक खोली ऑर्किड वाढवायला बांधली होती. आता त्या ‘ऑर्किडच्या खोलीत’ मांजरांची शिल्पं मांडलेली आहेत. उन्हाची जागा मांजरांनाच मिळाली.

साहित्याचं एक मांजरही याच टापूतलं. सेंदागीच्या बाजूला एका भाड्याच्या घरात १९०३ पासून तीन वर्षं नात्सुमे सोसेकी राहत होता. १९०५ मध्ये त्याने एका निनावी मांजराच्या तोंडून माणसांची फजिती सांगणारी कादंबरी मासिकातून लिहायला घेतली, ती याच घरात. त्याच घरात त्याच्या आधी मोरी ओगाई हा दुसरा थोर लेखकही राहून गेला होता. मूळ घर आता इनुयामाच्या मेइजी-मुरा या खुल्या संग्रहालयात हलवलेलं आहे. जागेवर स्मृतिशिला आहे आणि शेजारच्या भिंतीवरून एक मांजर चालत निघालेलं आहे, अर्थातच घडवलेलं.

दालन नसलेलं प्रदर्शन

१९८४ मध्ये तीन तरुण आयांनी या भागाबद्दल एक छोटं नियतकालिक सुरू केलं. मोरी मायुमी ही त्यांतली एक. आज्या-आजोबांना विचारून जुन्या आठवणी लिहायच्या, विहिरी, न्हाणीघरं, देवळं, दुकानं यांची नोंद करायची, असं त्याचं स्वरूप. २००९ पर्यंत ९४ अंक निघाले. यानेसेन हे नाव लोकांच्या तोंडी बसलं ते त्यातून, आणि यूयाके दानदान हे पायऱ्यांचं नावही मोरी यांनीच सुचवलेलं. आपल्या बोळांत जपण्यासारखं काही आहे हे रहिवाशांना आधी कळलं, पर्यटकांना नंतर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

१९८९ मध्ये ‘यानाका गाक्को’, म्हणजे यानाका शाळा, या नावाने रहिवासी आणि कला विद्यापीठातली मंडळी एकत्र आली. त्या हालचालीतून १९९३ मध्ये गेइकोतेन सुरू झालं. कल्पना एका वाक्यात मावते: अख्खी वस्ती हेच प्रदर्शनाचं दालन. वेगळं सभागृह नाही. नकाशा घ्यायचा आणि चालत सुटायचं. कुणाच्या कार्यशाळेत, कुणाच्या दुकानाच्या कोपऱ्यात, कुणाच्या घराच्या पुढच्या खोलीत काम मांडलेलं असतं. व्यवसायाने कलावंत असलेले असतात, तसेच हौसेने विणणारे, छापणारे, मातीकाम करणारेही. त्याच वर्षी दोनशे वर्षांची परंपरा असलेल्या एका सार्वजनिक न्हाणीघरात ‘स्काय द बाथहाउस’ हे समकालीन कलेचं दालन उघडलं. बाहेरून कौलारू न्हाणीघर, आत पांढऱ्या भिंती.

आता मांजर इथे का शोभतं ते पाहा. ज्या प्रदर्शनाला मोठं दालन नाही, तिथे मोठ्या आकाराचं काम मांडता येत नाही. दीड-दोन मीटरच्या ओट्यावर काय मावेल? मुठीएवढी मातीची मूर्ती, पोस्टकार्डाएवढा लाकडी ठसा, हातरुमाल, कागदी मुखवटा. मांजर हा या आकारात पूर्ण मावणारा विषय आहे. आणि स्वभावानेही ते या उत्सवाशी जुळतं. कुणाच्याही दारातून आत डोकावायचं, जरा बसायचं, मग पुढच्या घरी जायचं, ही मांजराची रीत. गेइकोतेनमध्ये पाहुण्याने नेमकं हेच करायचं असतं.

जपानी कलेत मांजराला जागा नवी नाही. उतागावा कुनियोशी (१७९७ ते १८६१) हा ठसेचित्रकार मांजराचं पिल्लू किमोनोत घेऊन कामाला बसायचा, असं सांगतात. १८४२ मध्ये शोगुनशाहीने नटांची चित्रं छापायला बंदी केली, तेव्हा त्याने नटांचे चेहरे मांजरांना दिले. पंजा वर करून बोलावणारं मांजर, मानेकी नेको, १८५२ मधल्या हिरोशिगे या चित्रकाराच्या एका ठसेचित्रात बाजारातल्या दुकानात विकायला ठेवलेलं दिसतं. आपल्याकडे मांजर आडवं गेलं की पाऊल थबकतं, तिकडे ते गिऱ्हाईक आणतं. पण त्याच्या हाताची खूण मराठी माणसाला सांगावी लागत नाही. पाश्चात्त्य पाहुण्यांना तो पंजा निरोपाचा वाटतो. आपण मात्र कुणाला जवळ बोलवायचं तर तळवा खाली करूनच बोटं हलवतो.

या सगळ्या कहाणीत एक इमारत अशी आहे, जिच्यामुळे कला वस्तीला काय देऊ शकते हे उघड दिसलं. हागिसो ही १९५५ ची दुमजली लाकडी इमारत. आपल्या भाषेत सांगायचं तर भाडेकरूंची छोटी चाळ. शेजारच्या देवळाची मालमत्ता. तिथे कला विद्यापीठाचे विद्यार्थी राहत आणि काम करत. २०११ च्या भूकंपानंतर जुन्या लाकडी घराची धास्ती वाटून मालकांनी ती पाडायचं ठरवलं. राहणाऱ्यांनी विरोधाची सभा घेतली नाही. ‘इमारतीचं अंत्यदर्शन’ म्हणून २०१२ मध्ये तिच्यातच तीन आठवड्यांचं प्रदर्शन मांडलं. भिंती, जिने, जमीन, सगळं कामासाठी वापरलं, कारण काहीच परत करायचं नव्हतं. सुमारे १,५०० माणसं येऊन गेली. इतक्या लोकांना या घराचं काही वाटतं हे पाहून मालकांचं मन बदललं. २०१३ मध्ये हागिसो कॅफे आणि चित्रदालन म्हणून पुन्हा उघडली. २०१५ मध्ये त्याच मंडळींनी जवळच्या जुन्या घरात मुक्कामाची सोय केली: नोंदणी हागिसोत, अंघोळ वस्तीतल्या न्हाणीघरात, जेवण वस्तीतल्या खाणावळीत. कोपऱ्यावरचा कायाबा कॉफी हा १९३८ चा कॅफेही असाच बंद पडला होता. तो २००९ मध्ये, जुनी घरं सांभाळणाऱ्या स्थानिक संस्थेच्या आणि न्हाणीघरातल्या दालनाच्या मदतीने परत सुरू झाला. इमारत १९१६ ची.

मी हे लांबवून सांगतो आहे, कारण मांजरांचा उत्सव असा विषय काढला की लोक आधी खरेदीचं बोलतात. प्रत्यक्षात प्रत्येक वाचलेल्या घरामागे एक ओटा वाचतो, एक बोळ वाचतो, आणि ज्या कोपऱ्यात मांजर ऊन खात बसायचं तो कोपराही वाचतो.

मांजरं घडवणारी गावं

तुलनेसाठी आइची प्रांतातली दोन गावं घेतली. सेतो आणि तोकोनामे, दोन्ही जपानच्या मातीकामाच्या सहा प्राचीन भट्ट्यांपैकी. सेतोचा दबदबा इतका, की जपानीत चिनीमातीच्या भांड्यांना सरसकट ‘सेतोमोनो’ म्हणतात. तिथे बोलावणाऱ्या मांजरांचं संग्रहालय आहे, आणि २९ सप्टेंबरच्या सुमारास मांजरांचा खास उत्सव भरतो. ९ आणि २९ हे आकडे जपानीत ‘येणारं भाग्य’ असे वाचता येतात, म्हणून ती तारीख. तोकोनामेत एका रस्त्याच्या भिंतीवर ३९ कलावंतांनी घडवलेली ३९ मांजरं आहेत, आणि वरून ‘तोकोन्यान’ हे ३.८ मीटर उंचीचं प्रचंड मांजराचं डोकं गावाकडे बघत असतं.

या गावांत मांजर हा माल आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्यावर घरं चालली. यानाकाचं तसं नाही. इथे मांजर शेजारी होतं, मग ते चित्रात आलं आणि शेवटी दुकानात. त्यामुळे यानाकात एक जोखीम आहे जी तोकोनामेत नाही: दुकानातलं मांजर वाढत जावं आणि शेजारचं विसरलं जावं. कुठल्याही पर्यटनस्थळी मिळेल असा कारखान्यातला माल मांजराचं चित्र छापून इथे ठेवला, तर त्याचा यानाकाशी संबंध काय? ज्याच्या दुकानामागे हात मातीत बुडालेले दिसतात तिथेच पैसे द्यावेत, असं मी मनापासून सांगेन.

कानाला खाच असलेली

आता जिवंत मांजरं. पूर्वी यूयाके दानदानच्या आसपास ती पायऱ्यांवरच पसरलेली असत आणि छायाचित्रकारांची गर्दी व्हायची. आता कमी दिसतात. पुष्कळ पाहुणे हिरमुसतात. पण याचं कारण समजून घेतलं तर हिरमुसायला नको.

१९९० च्या दशकाच्या शेवटी योकोहामाच्या इसोगो वॉर्डात ‘चिइकी नेको’, म्हणजे वस्तीचं मांजर, ही पद्धत रुजली आणि देशभर पसरली. कुणाचंही नसलेलं मांजर पकडायचं, शस्त्रक्रिया करून पुन्हा त्याच जागी सोडायचं. खाणं ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी द्यायचं, उरलेलं उचलायचं, घाण साफ करायची. शस्त्रक्रिया झालेल्या मांजराच्या कानाच्या टोकाला खाच पाडतात. तो कान चेरीच्या पाकळीसारखा दिसतो, म्हणून त्याला साकुरा नेको म्हणतात. पद्धत नीट चालली की नवी पिल्लं होत नाहीत आणि वस्तीतली मांजरं वर्षागणिक कमी होत जातात. मांजर न आवडणाऱ्या शेजाऱ्याची तक्रारही कमी होते, आणि रस्त्यावर आजारी पिल्लांनी तडफडून मरणंही. बोळात दिसलेल्या एका मांजराच्या कानाला पाकळीची खाच असेल, तर त्यामागे कुणीतरी पिंजरा घेऊन रात्र जागवलेली आहे.

इथे प्रकरणातला खरा ताण आहे. वस्तीची ओळख ज्या प्राण्यावर उभी आहे, त्याची संख्या कमी करणं हेच त्याच्यावरचं प्रेम. पर्यटनाचा विचार करणारा माणूस इथे गडबडून जाईल. यानाका त्यातून जो मार्ग काढते आहे तो मला पटतो: मांजराची आठवण लाकडात, मातीत, कागदावर ठेवायची, आणि जिवंत मांजराला त्याच्या वाट्याचं निवांत म्हातारपण द्यायचं. पाहुण्याने खाऊ टाकायचा नाही, अंगणात शिरायचं नाही, झोपलेल्याला उठवायचं नाही. समाधीच्या दगडावर मांजर बसलेलं असलं, तरी तो कुणाच्या तरी आजोबांचा दगड आहे हे विसरायचं नाही.

जाणाऱ्यांसाठी

तोक्योतली बरीच मराठी कुटुंबं एदोगावा वॉर्डात, निशी-कासाईच्या आसपास राहतात. त्यांना हे सोपं आहे: तोझाई मार्गाने ओतेमाची, तिथे चियोदा मार्ग धरून सेंदागी. वर आलं की यानाका गिंझा जवळच. ऑक्टोबरात गेइकोतेनचा नकाशा हातात घेऊन निघालात, तर नेझूकडे जाताना ‘सापाची वाट’ चुकवू नका. आइझोमे नदी गाडून तिच्यावरून काढलेला तो रस्ता नदीसारखाच वळवळत जातो, आणि दोन वॉर्डांची हद्दही त्याच्याबरोबर वळते.

असाकुरा संग्रहालय सोमवारी आणि गुरुवारी बंद असतं. दारात बूट काढावे लागतात, म्हणून मोजे असू द्यावेत. लवकर पोचा, म्हणजे ऑर्किडच्या खोलीत ऊन असताना मांजरं पाहता येतील. १९६४ हे तोक्यो ऑलिंपिकचं वर्ष. असाकुराने त्या वर्षी शंभर मांजरांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं होतं आणि ऐंशीच्या घरात असताना त्यासाठी एकामागून एक मांजर घडवत होता. ऑलिंपिक ऑक्टोबरात होतं. तो एप्रिलमध्ये गेला. जी पुरी झाली होती त्यांतली काही या खोलीत आहेत: एक पाठ कमानीसारखी उचलून, एक पंजा चाटत, एक डोळे मिटून.